आबालवृद्धांचे सहगान : वैद्यांचे एक उपेक्षित कर्तव्य

आयुर्वेदाच्या आठ अंगांत बालचिकित्सा आणि जराचिकित्सा ही दोन स्वतंत्र अंगे गणली आहेत. अध्ययनाच्या सोयीसाठी हे विभाजन योग्यच आहे. परंतु एकाच उंबऱ्याच्या आत राहणारे आजोबा आणि नातू आमच्या नोंदवहीतही दोन वेगळ्या पानांवर जातात, आणि एकाच्या स्वास्थ्याचा दुसऱ्याशी काही संबंध असू शकेल असा विचार आपण सहसा करीत नाही. आपल्या भाषेत मात्र ‘आबालवृद्ध’ हा एकच शब्द रुळला आहे. त्या शब्दातील दोन टोके प्रत्यक्ष व्यवहारात एकमेकांपासून दूर गेली आहेत. लहान मुले व वृद्ध यांना आठवड्यातून एकदा एकत्र गावयास बसविणे हे स्वस्थवृत्ताचेच कार्य होय, आणि ते सुरू करण्यास वैद्य व औषधी दुकानदार यांच्याइतके सोयीच्या जागी दुसरे कोणी नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

शब्दाचे तीन दुष्ट योग

चरकाचार्यांनी रोगाच्या तीन हेतूंमध्ये असात्म्येंद्रियार्थसंयोगाचा समावेश केला आहे. श्रोत्रेंद्रियाविषयी त्यांचे विवेचन आजही तंतोतंत लागू पडते. मेघगर्जना, नगारा, आरडाओरड यांचे अतिमात्र श्रवण हा अतियोग; काहीही कानी न पडणे हा अयोग; आणि कठोर, अपमानकारक, भीतिदायक अथवा प्रिय व्यक्तीच्या नाशाची वार्ता देणारे शब्द ऐकणे हा मिथ्यायोग.

आता आपल्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या वृद्धाकडे या दृष्टीने पाहावे. मुलगा व सून कामावर, नातू शाळा व शिकवणीत, जोडीदार निवर्तलेला; दिवसभरात त्याच्याशी चार वाक्ये बोलणारे कोणी नसते. कर्णेंद्रिय क्षीण झालेले असेल तर तीही ऐकू येत नाहीत. हा शब्दाचा अयोग. जी वाक्ये कानी पडतात त्यांत ‘तुम्हाला काय कळते’ हे एक असेल तर तो मिथ्यायोग. दुसरीकडे त्याच घरातील पाच वर्षांचे मूल मोबाईलच्या पडद्यासमोर जेवते आणि मिरवणुकीच्या दिवशी ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर उभे राहते, हा अतियोग. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये. आपल्याकडे येणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हा नियम लागू आहे, हे प्रत्येकाने आपल्या चिकित्सालयात विचारून पाहावे.

निद्रानाश, मलावष्टंभ, अरुची, ‘अंगात काही त्राणच नाही’ ही वृद्धाची गाऱ्हाणी आपण वातवृद्धी म्हणून ओळखतो, आणि अश्वगंधा, ब्राह्मी, अभ्यंग, बस्ती यांची योजना करतो. ते उचितच आहे. परंतु निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे, असे आपणच विद्यार्थ्यांना शिकवितो. एकटेपणा हे निदान असेल तर त्याचे परिवर्जन कोणत्या चूर्णाने होणार आहे?

ग्रंथांतील आधार

संगीत हा आपल्या शास्त्रात उपरा विषय नाही. उपकल्पनीय अध्यायात संशोधनकर्मासाठी आतुरालयाची सिद्धता सांगताना चरकाचार्य औषधे, उपकरणे व परिचारक यांच्या जोडीला गीत, वादन, श्लोक, कथा व इतिहास-पुराणे यांत निपुण असलेली माणसे ठेवावयास सांगतात. राजयक्ष्म्याच्या चिकित्सेतही गीत-वाद्यांचा व प्रिय श्रवणाचा उल्लेख येतो. शारीरस्थानात बालकाच्या खेळण्यांचे वर्णन करताना ती चित्रविचित्र, आवाज करणारी, मनोहर, हलकी, टोकदार नसलेली, तोंडात न जाणारी व भय न उत्पन्न करणारी असावीत असे म्हटले आहे. आचाररसायनात वृद्धांचा आदर व त्यांची उपासना यांना रसायनाचे स्थान दिले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बालवयात कफाचे आणि वार्धक्यात वाताचे प्राधान्य असते, म्हणून बालकाच्या सहवासाने वृद्धाचा वात शमतो, असे सोपे समीकरण काही उत्साही मंडळी मांडतील. हा शास्त्राचा विपर्यास होय. ग्रंथांत असे कोठेही म्हटलेले नाही. आपल्याला जेवढा आधार आहे तेवढाच पुरेसा आहे. तो ताणण्याचे कारण नाही.

परंपरा काय सांगते

एकत्र गाणे ही आपल्या समाजाला नव्याने शिकविण्याची गोष्ट नाही. भोंडल्याच्या फेरात परकरी मुलीपासून आजीपर्यंत सर्वजणी असत. गाणी आजीला पाठ, खिरापत ओळखण्याचा उत्साह मुलींचा. गोव्यात चवथीच्या दिवसांत घरोघरी होणाऱ्या आरत्यांत घुमट व शामेळ मोठ्यांच्या हाती आणि कांसाळे मुलांच्या हाती असते. मूल अनेक वर्षे कांसाळे वाजवीत ताल अंगी मुरवते आणि मग घुमटाकडे वळते. याच घुमटाला गोवा शासनाने २०१९ साली वारसा वाद्याचा दर्जा दिला. वारीच्या दिंडीत वयाची अट नसते. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत १९१७ पासून मुले मृदंग व कीर्तन शिकत आली आहेत.

यांपैकी बरेच प्रसंग आता वर्षातून एकदा येतात, आणि काही नाहीसे झाले. घरोघरचे जाते गेले तेव्हा पहाटेची ओवीही गेली. हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, म्हणून त्या आज ऐकावयास मिळतात. परंतु ध्वनिमुद्रणातून ओवी ऐकणे आणि आजीच्या मांडीला टेकून ती ऐकणे यांत फरक आहे. ज्यांच्या गळ्यात ती अद्याप आहे त्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

गावोगावची भजनी मंडळे उत्तम कार्य करीत आहेत. परंतु बहुतेक ठिकाणी ती एका वयाची झाली आहेत. सायंकाळी मंदिरात साठीच्या पुढची मंडळी टाळ घेऊन बसतात आणि त्याच वेळी शेजारच्या इमारतीत मुले शिकवणीच्या वर्गात असतात.

आधुनिक अध्ययने

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती, आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक होते. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे जे चौदा परिवर्तनीय हेतू नोंदविले त्यांत श्रवणशक्तीचा ऱ्हास व सामाजिक एकाकीपणा या दोहोंचा समावेश आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरातील बारा ज्येष्ठ नागरिक केंद्रांत ३९० वृद्धांवर सहगानाचे अध्ययन झाले. सहा महिन्यांनंतर त्यांच्यातील एकाकीपणा कमी झालेला व जीवनातील रस वाढलेला आढळला. परंतु बुद्धी व शारीरिक बल यांत लक्षणीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष दोन्ही अंगांनी लक्षात ठेवावा. ‘संगीताने स्मरणशक्ती परत येते’ असे फलक लावणाऱ्यांना तो आधार देत नाही; पण जे देतो तेही थोडे नाही. हे अध्ययन केवळ वृद्धांच्या समूहांचे होते हेही सांगितले पाहिजे. वृद्ध व बालक यांना एका छताखाली आणण्याचे प्रयोग मात्र जगात जुने आहेत. अमेरिकेतील सिएटल येथे एका वृद्धनिवासातच १९९१ पासून बालसंगोपन केंद्र चालते.

संभाव्य आक्षेप

‘आम्ही वैद्य आहोत, भजनीबुवा नव्हे’ हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. अनेक ठिकाणी पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाची शिबिरे होतात. त्यांत मुलांना घेऊन कोण येते? बहुधा आजी-आजोबाच. तासभर ते बाकावर बसून राहतात आणि मुले इकडेतिकडे धावत असतात. साधारण सत्तावीस दिवसांनी दोन्ही वयांची पन्नास-साठ माणसे आपण स्वतःच एकत्र जमवितो आणि काही न करता घरी पाठवितो. औषधी दुकानदारांची स्थितीही अशीच आहे. वीस-तीस रुपयांच्या चूर्णाच्या पुडीसाठी येऊन पाव तास बोलत उभे राहणारे आजोबा प्रत्येक दुकानदाराला माहीत असतात. गावात एकटे कोण आहे, याची त्याच्याकडे असलेली माहिती कोणत्याही सरकारी दप्तरात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांचे प्रतिश्याय-कास वृद्धांना बाधतील, हे भय खरे आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या एकाच सरावाला उपस्थित असलेल्या ६१ जणांपैकी ५३ जणांना कोविड झाल्याची अथवा झाला असावा अशी नोंद झाली आणि दोघे दगावले. गाताना श्वासाचा वेग व थेंबांचे उत्सर्जन वाढते हे त्या घटनेने शिकविले. म्हणून बंद खोली नको. ओसरी, सभामंडप, झाडाखालचा पार किंवा खिडक्या उघड्या असलेले सभागृह हवे. ज्या बालकाला अथवा वृद्धाला ज्वर, कास असेल त्याने त्या आठवड्यास विश्रांती घ्यावी. तमकश्वासाच्या रुग्णांची पूर्वतपासणी आपण करावी. हे काम वैद्यावाचून दुसरा कोण करणार?

तिसरा आक्षेप नैतिक आहे. मूल हे वृद्धाचे औषध नव्हे, आणि वृद्ध हा विनावेतन मुले सांभाळणारा नोकर नव्हे. यांपैकी एकाला दुसऱ्याचे साधन करणारा उपक्रम टिकणार नाही व टिकूही नये. दोघांनाही काही देण्यासारखे व घेण्यासारखे असेल तरच त्यांना एका सतरंजीवर बसविण्यात अर्थ आहे.

कार्यपद्धती

दहा-बारा वृद्ध आणि चार ते आठ वर्षांची तितकीच मुले पुरेत. जवळची अंगणवाडी व भजनी मंडळ यांना प्रथम भेटावे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी येतातच. सेविकेचे सहकार्य व पर्यवेक्षिकेची अनुमती मिळाल्यास निम्मे काम झाले. वेळ पाऊण तासाहून अधिक नसावा आणि भोजनानंतर लगेच नसावा. वार व वेळ बदलू नये. वृद्धाच्या दृष्टीने निश्चित गुरुवार ही मोठी गोष्ट असते.

संधिवाताच्या रुग्णांना खुर्ची द्यावी, मुलांनी समोर सतरंजीवर बसावे, सर्वांनी मंडल करावे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना गाणे सांगणाऱ्याच्या समोर, त्याचा चेहरा दिसेल असे बसवावे. झांज त्यांच्या कानाजवळ नको. ध्वनिक्षेपक अजिबात नको. मुलांचा गळा उंच व वृद्धांचा उतरलेला असतो, म्हणून पेटीवाल्याने मधली पट्टी धरावी आणि सुराचा फार हट्ट धरू नये. ज्याला गाता येत नाही त्याने टाळी द्यावी, खंजिरी वाजवावी. एक गाणे वृद्धांनी मुलांना शिकवावे, एक मुलांनी वृद्धांना. ओव्या, बडबडगीते, मोजणीची व पावसाची गाणी यांना अग्रक्रम द्यावा, म्हणजे कोणत्याही जाती-धर्माच्या घरातील मूल संकोच न करता येईल.

प्रत्येक मुलाच्या पालकाची लेखी संमती घ्यावी, आणि कोणतेही मूल कोणत्याही प्रौढाजवळ एकटे ठेवू नये. हा नियम अपवादरहित असावा. समूहातील एखादे आजोबा कालवश होतील, तेव्हा ती गोष्ट मुलांपासून लपवू नये. पालकांशी बोलून ती सरळ शब्दांत सांगावी आणि त्यांनी शिकविलेले गाणे त्या दिवशी म्हणावे.

वैद्याने प्रारंभी व तीन महिन्यांनंतर प्रत्येक वृद्धाची निद्रा, अग्नी, मलप्रवृत्ती व मनःस्थिती नोंदवावी. गाणाऱ्यांच्या स्वरभेदाकडे लक्ष द्यावे. गंडूष, यष्टिमधु यांचा उपयोग येथे सहज होतो. कर्णपूरण करण्यापूर्वी कर्णपटल अखंड असल्याची खात्री करून घ्यावी. दुकानदारांनी खुर्च्या, सतरंजी व सूचनाफलक यांचा भार उचलावा. परंतु त्या ठिकाणी नमुना-पुड्यांचे वाटप व उत्पादनांचे फलक कटाक्षाने टाळावेत. ज्या दिवशी सहगान हे विक्रीचे निमित्त होईल त्या दिवशी लोकांचा विश्वास संपेल, आणि तो पुन्हा मिळणार नाही.

समारोप

आपल्या व्यवसायापुढे परीक्षा, परवाने, प्रमाणीकरण असे अनेक प्रश्न आहेत, आणि या पृष्ठांवर त्यांची चर्चा होतच असते. त्या सर्वांच्या मुळाशी एक प्रश्न आहे : स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आपण केवळ प्रबंधांच्या प्रस्तावनेत लिहितो, की त्यासाठी आठवड्यातील पाऊण तास देतो? प्रत्येक तालुका शाखेने असा एक तरी समूह स्थापन करावा, सहा महिन्यांच्या नोंदी ठेवाव्यात आणि यश-अपयश दोन्ही वार्षिक अधिवेशनात मांडावे, अशी माझी सूचना आहे. यासाठी निधीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. पुढील पुष्य नक्षत्राच्या शिबिरात बाकावर बसलेल्या एखाद्या आजींना, त्यांना कोणती गाणी येतात, एवढे विचारावे. उत्तर ऐकण्यास मुले आपोआप जमतील.