ऊस ट्रॉलीचा अपघात रस्त्यावर नव्हे, फडातच ठरतो!

गाळप हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागते. एखादी उलटली की ‘ड्रायव्हरचं चुकलं’ म्हणून सगळे मोकळे होतात. पण बऱ्याचदा चूक आधीच, फडात ऊस भरताना झालेली असते.

भार कुठे हवा?

दोनचाकी ट्रॉलीत चाकांच्या पुढे फार ऊस भरला तर भार हुकावर येतो, ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मागे जास्त भरला तर हूक वर ओढला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली डुलायला लागते. म्हणून भार चाकांवर, किंचित पुढे हवा. चारचाकी ट्रॉलीत पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सारखाच भरावा. डबल ट्रॉली असेल तर जड ट्रॉली पुढे, हलकी मागे. उसाची उंची वाढली की तोल बिघडतो. मग साईडपट्टी खचली तरी ट्रॉली आडवी.

ब्रेकचं काय?

अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येण्याआधी जोडलेच पाहिजेत. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, क्लच दाबून गाडी सोडू नये.

मग जादा भरतात का?

तोडणी आणि वाहतूक, दोन्हीचे पैसे टनावर मिळतात. त्यात कारखान्यावर तासन्‌तास नंबर लागत नाही. मग एकाच खेपेत जास्त टन नेण्याचा मोह होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार रुपये दंड आहे.

खरी गोष्ट अशी की, प्रत्येक खेपेचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, पावतीवर छापून येतं. जादा भार कुणापासून लपलेला नाही. मर्यादेबाहेरची खेप काट्यावरच मोजून अडवायची ठरवली, तर फडातलं भरणं आपोआप ताळ्यावर येईल. तोवर मालक, मुकादम आणि ड्रायव्हर यांनी निघण्याआधी ट्रॉलीभोवती एक फेरी मारावी: हुकाची पिन, टायरची हवा, दोरखंड, मागचे रिफ्लेक्टर. आणि उसावर माणूस बसवू नये.