शितावरून भाताची परीक्षा. पण शीत उचलले कुठले?

वाचकहो, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर तीन महिन्यांनी एक बातमी येते. उद्योजकांचा विश्वास वाढला, किंवा घटला. निर्देशांक अमुक अंकांवर गेला. शेतकरी आणि रापणकार ती न वाचताच पान उलटतात. शहरातल्या शेठजींचा विश्वास वाढला काय आणि घटला काय, आपल्या कोळंबीला त्याने भाव थोडाच मिळणार आहे, असे त्यांना वाटते. पण असल्या आकड्यांकडे सरकार बघते, बँका बघतात. रिझर्व्ह बँक तर १९९८ पासून स्वतःच कारखानदारांची अशी तिमाही पाहणी घेते आणि व्याजाचे धोरण ठरवण्याच्या वेळी ती पुढ्यात ठेवते. होडीच्या इंजिनासाठी कर्ज काढणाऱ्याला व्याजाचा दर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

ही पाहणी होते कशी? देशातल्या प्रत्येक धंदेवाल्याला कोणी विचारत नाही. काही जण निवडतात आणि त्यांना विचारतात. देवाला कौल लावण्यातला हा प्रकार नव्हे. यात हिशेब आहे. आपल्या आया-बहिणी तो रोज चुलीपाशी करतात. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतोच. यातली गंमत अशी की भांडे किती मोठे आहे याला फारसे महत्त्व नसते. घरच्या टोपातले वरण असो की लग्नाच्या पंगतीचे, मीठ कळायला पळीभरच पुरते. चारशे माणसे खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडली, तर त्यांचे उत्तर आणि सगळ्या जिल्ह्याचे उत्तर यांत वीसपैकी एकोणीस वेळा पाच टक्क्यांहून जास्त फरक पडत नाही. मग जिल्हा दहा लाखांचा असो की पन्नास लाखांचा.

मात्र अट एक आहे. पळी बुडवण्याआधी वरण ढवळलेले हवे. तळाला मीठ बसले असेल आणि तुम्ही वरवरची पळी चाखलीत, तर जीभ खोटे बोलली नाही तरी परीक्षा खोटीच ठरते.

आता सीमाभागाकडे पाहा. पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, कागल करीत निपाणीत शिरतो आणि संकेश्वरवरून बेळगावला पोहोचतो. आठशेहून अधिक किलोमीटरचा हा रस्ता. दिल्लीची एनसीएईआर ही नामांकित संशोधन संस्था १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून धंद्यातल्या विश्वासाची तिमाही पाहणी करते. अलीकडच्या फेऱ्यांत ती सुमारे पाचशे कंपन्यांना विचारते, आणि त्या सहा शहरांतल्या असतात : दिल्ली परिसर, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, पुणे. रस्त्याची दोन्ही टोके यादीत आहेत, मधले काहीच नाही. निकाल छापताना पश्चिम विभाग, दक्षिण विभाग अशी वाटणी करतात. पुणे-मुंबईचे उत्तर ते पश्चिमेचे, बंगळूर-चेन्नईचे ते दक्षिणेचे.

मग निपाणीचा वखारवाला कुठल्या खात्यात? राज्याच्या नकाशाप्रमाणे दक्षिणेच्या. म्हणजे बंगळूरची संगणकाची कंपनी त्याच्या वतीने उत्तर देते! कोल्हापूर त्याला चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या दुपटीने दूर, बंगळूर तर एका दिवसात जाऊन येण्याजोगे नाहीच. १९५६ च्या १ नोव्हेंबरला रेघ ओढली गेली, पण बैलगाडी आणि ट्रक कुठे वळायचे ते रेघेला विचारून वळत नाहीत. रेघेच्या न्याय-अन्यायाबद्दल या पानावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे, ते आज पुन्हा उगाळत नाही. आकडेशास्त्राच्या दृष्टीनेसुद्धा ही रेघ वाईट आहे, एवढेच दाखवायचे आहे. नमुन्याचे गट पाडताना एका गटात सारखे सारखे येईल असे पाहायचे असते. इथे एकच बाजारपेठ मधोमध चिरून तिचे दोन तुकडे दोन परक्या ढिगांत टाकले आहेत.

काठावरच्या गोष्टी मोजताना घोटाळा होतो, हे आपल्याच एका माणसाने दाखवून दिले होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध हे गाव. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. १९४० च्या दशकात पीक मोजण्यावरून त्यांचा कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिसांशी मोठा वाद झाला. महालनोबिस म्हणजे नमुना पाहणीचे आपल्या देशातले आद्य गुरू. त्यांचे म्हणणे, शेतात छोटे छोटे तुकडे आखून कापावेत, म्हणजे पुष्कळ ठिकाणी मोजता येईल. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते. का? तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड मोठी, आणि कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर याचा संशय पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. ज्याने भात कापला आहे त्याला हे पटायला पुस्तक नको. त्या शेतात कडेवरचे ताट दोनदा मोजले जाण्याची भीती होती. आमच्या सीमेवर उलट आहे, कडेवरचे ताट कोणीच मोजत नाही.

बरे, समजा उद्या पाहणीवाले निपाणीत आले. विचारणार कोणाला? अशा पाहण्या बहुधा मालकांना विचारतात. हे मला सगळ्यांत जास्त खटकते. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हमरस्त्यावर ठाण मांडले, ते आठवा. बायका-मुलांसह शेतकरी तीन आठवड्यांहून अधिक दिवस रस्त्यावर बसले. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळ्या झाडल्या, शेतकरी मेले. मागणी काय, तर तंबाखूला भाव. त्या मोसमाच्या तोंडावर कोणी तिथे धंद्याचा विश्वास मोजला असता आणि फक्त खरेदीदाराला विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते? माल स्वस्त मिळतो आहे, धंदा उत्तम आहे, पुढले सहा महिनेही उत्तमच. एकाचे बरे वर्ष ते दुसऱ्याचे वाईट वर्ष असे जिथे असते, तिथे एकट्याला विचारून काढलेला प्रदेशाचा विश्वास म्हणजे फसवणूक. उत्पादक, वखारवाला, वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाया, घरी बसून विड्या वळणाऱ्या, या सगळ्यांना वेगवेगळे विचारावे लागेल.

रापणकारांना हे जाळ्यावरून पटकन कळेल. मोठ्या आसाचे जाळे टाकून कोणी म्हणू लागला की या समुद्रात पेडवे नाहीतच, तर आपण हसू. कंपन्यांची नोंदणी-यादी हे असेच मोठ्या आसाचे जाळे आहे. बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री त्यात सापडेल, शहापूर-वडगावचा दोन मागांचा विणकर निसटेल. आणि धक्का आधी बसतो तो निसटणाऱ्यालाच. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी घ्या. आठेक महिन्यांनी जीएसटी आला आणि विडीवर २८ टक्के कर बसला, ते घ्या. रोखीवर चालणाऱ्या निपाणीला आणि चेकवर चालणाऱ्या बंगळूरला या गोष्टी एकसारख्या लागल्या असतील, असे कोण म्हणेल?

उत्तरांची बेरीज कशी करतात तेही पाहून ठेवा. शंभरांपैकी ४५ म्हणाले बरे दिवस येतील, २५ म्हणाले वाईट, ३० म्हणाले आहे तसेच. ४५ वजा २५, म्हणून उत्तर अधिक २०. पण ६० बरे आणि ४० वाईट म्हणाले, तरी उत्तर अधिक २०च! पहिल्या गावात बहुतेकांचे बरे चालले आहे, दुसऱ्या गावात उभी फूट पडली आहे. छापताना दोन्ही गावे एक. म्हणून नुसता शेवटचा आकडा छापणाऱ्याला विचारावे, की तिन्ही रकाने कुठे आहेत? शिवाय ज्याने मागच्या दिवाळीत दुकानाला कुलूप घातले तो पाहणीत नसतोच. उरलेल्यांना विचारले की विश्वास वाढलेला दिसतो.

आणि खरे बोलण्याचे काय? धंदा कसा आहे म्हणून कर-अधिकाऱ्याने विचारले तर दुकानदार कपाळाला हात लावतो; मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारले तर मिशीला पीळ देतो. माणूस तोच, दिवसही तोच. तेव्हा विचारायला कोण गेला आणि कुठल्या भाषेत बोलला, यावर उत्तर अवलंबून. बंगळूरहून आलेला इंग्रजी कागद निपाणीच्या वखारीत पुढे केला, तर मिळेल ते उत्तर सभ्यतेचे असेल, मनातले नसेल.

जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या नमुना पाहण्यांत जिल्हा हाच मूळ गट धरू लागले आहेत, ही चांगली गोष्ट झाली. पण बेळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेत जवळपास ४८ लाखांचा, आणि चंदगड, गडहिंग्लज, कागल पलीकडच्या जिल्ह्यात. तेव्हा कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ यांनी मिळून हे काम हाती घ्यावे, असे मी सुचवतो. रेघेकडे न पाहता कागलपासून खानापूरपर्यंतचा पट्टा एक धरावा. तंबाखू, ऊस, फौंड्री, माग, भाजीमळे असे गट पाडावेत आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून नावे काढावीत, मालकांची आणि मजुरांचीही. वर्षातून दोनदा विचारावे, एकदा तंबाखू वखारीत गेल्यावर आणि एकदा रोप लावण्याआधी. आपल्यालाही ते हवे आहे, कारण बेळगावच्या मळेवाल्याने पुढल्या मोसमात किती वाफे लावायचे ठरवले, यावर म्हापशाच्या बाजारातला आपला भाजीचा दर ठरतो.

प्रश्न मराठीत आणि कन्नडात, दोन्हींत छापावेत. विश्वास वाटतो का, असे विचारूच नये. त्याला कोणीही काहीही म्हणेल. येत्या सहा महिन्यांत आणखी एक माणूस कामावर घ्याल का, हे विचारावे. हो आणि नाही यांच्या शेजारी ‘बघू’ असा तिसरा रकाना मोठा आखावा, कारण तिकडे तोच आधी भरेल.