डॉक्टरकी वाटून टाकणारे आरोळे

जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचा कायम दुष्काळी कोपरा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली तिथं राहायला गेले. अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते नुकतेच परतले होते. मोठ्या शहरात त्यांना काहीच कमी पडलं नसतं. पण खेड्यातल्या गोरगरिबांसाठी काम करायचं, हे या ख्रिस्ती जोडप्यानं लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं.

ते तिथं गेले, ही गोष्ट मोठीच. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी पुढं केली.

आधी त्यांनी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका पाठवून पाहिल्या. शहरात शिकलेल्या मुली खेड्यात रमेनात आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. मग गावातल्याच बायांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. बाळंतपण सुखरूप कसं करायचं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, क्षय आणि कुष्ठरोग वेळीच कसा ओळखायचा, हे या बाया शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. प्रशिक्षणाला जामखेडला जमल्या की मुक्काम तिथंच. सुरुवातीला जातीपातीमुळं एकमेकींशेजारी झोपायलाही त्या बिचकत. पुढं याच बायांनी एकच भली मोठी गोधडी शिवली आणि सगळ्याजणी तिच्याखाली झोपू लागल्या.

पाण्याचंही तसंच. सत्तरीच्या सुरुवातीच्या दुष्काळात विंधन विहिरी घ्यायच्या होत्या. आरोळ्यांनी बऱ्याचशा दलित वस्तीत घ्यायला लावल्या. पाणी हवं तर सवर्णांनीही घागर घेऊन तिथंच यायचं. समतेवर भाषणं देऊन जे झालं नसतं, ते हातपंपाच्या जागेनं केलं.

हे पाहून बायबलमधला एक प्रसंग आठवतो. योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13 व्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र नको म्हणतो, येशू ऐकत नाही. तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा, असं सांगतो. त्या काळी हे काम घरातल्या नोकराचं. या प्रसंगाच्या स्मरणार्थ दरवर्षी पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोमच्या बालसुधारगृहातल्या मुलामुलींचे पाय धुतले, त्यात एक मुस्लिम मुलगीही होती. हा विधी सुंदर आहे, पण तेवढ्यावर थांबला तर अपुरा आहे. पाय धुऊन झाल्यावर धुणारा पुन्हा मानाच्या खुर्चीत आणि ज्याचे धुतले तो पुन्हा दाराशी, असं होत असेल तर त्याला नम्रता कशी म्हणायची? आरोळ्यांनी खुर्चीच वाटून टाकली. ज्ञान हीच डॉक्टरची खरी सत्ता. तीच त्यांनी अंगठाबहाद्दर बाईच्या हाती दिली आणि आपल्यावाचून गावाचं अडू नये याची तजवीज केली. दयेपोटी औषध देणं त्या मानानं सोपं असतं.

निकालही पाहावा. आरोळ्यांच्या आरोग्य प्रकल्पाच्या नोंदीनुसार 1971 मध्ये त्यातल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 पहिल्या वर्षातच दगावत. 1996 मध्ये हा आकडा 26 वर आला होता. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. काम मात्र चालू राहिलं.

ख्रिस्ती सेवा म्हटली की धर्मांतराची शंका लगेच पुढं येते. जामखेडच्या या कामात सगळ्या जातिधर्मांच्या बाया होत्या आणि आपापल्या घरी, आपापल्या देवाला हात जोडून त्या ते करत राहिल्या. आरोळ्यांची श्रद्धा त्यांच्या कामात होती. ती दुसऱ्यावर लादायची गरज त्यांना पडली नाही.

महाराष्ट्रात मिशनची रुग्णालयं, शाळा, वसतिगृहं आजही आहेत आणि त्यांनी पिढ्यान्पिढ्या मोठं काम केलं आहे. पण ज्यांच्यासाठी ती चालतात, त्या वस्तीतल्या बाया त्यांच्या नियामक मंडळांवर किती दिसतात? या संस्थांच्या विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत दोन-तीन जागा अशा बायांसाठी राखाव्यात आणि त्यांच्या मताला इतरांइतकंच वजन द्यावं.