आमची आठशे, तिची टंकी आणि बिनसहीचा जामीनदार



बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत आमचं घर. गल्ली जुनी, घरांना घरं चिकटलेली, भिंती सामाईक. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक बोळ आहे, तिथे आमची पांढरी मारुती आठशे उभी असते. १९९४ साली बँकेच्या स्टाफ लोनवर घेतलेली, एमपी ०९ नंबरची. शोरूममधून निघाल्यावर पहिल्यांदा गणपतीसमोर उभी केली, नारळ फोडला, मगच घरी आणली.

आजच्या मुलांना नवल वाटेल, पण १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली खुद्द इंदिराजींनी दिली होती. ७९६ सीसीचं एवढंसं इंजिन, पण पगारदार माणसाला चारचाकीचं स्वप्न दाखवलं ते त्यानेच. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमची मात्र चालूच आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नवं करावं लागतं, ते मी नेमाने करतो. सौ. म्हणते, "माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी घेतली असतीत तर!"

तर मागच्या उन्हाळ्यात सकाळी बोळात पेट्रोलचा वास यायला लागला. खाली वाकून पाहिलं तर टंकीच्या बुडाशी गंज आणि एक ओला डाग. कारण उघड होतं. गाडी आठवड्यातून एकदा निघणार, टंकी कायम अर्धी रिकामी. आत ओलावा धरतो, पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि पत्रा आतून खातं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांनाही मानवत नाही.

नातू इंजिनीअरिंगला आहे. म्हणाला, "आजोबा, टंकी घरीच बदलू. चार बोल्ट, तीन पाइप, एक वायर. व्हिडिओ पाहिलाय मी." मलाही हुरूप आला. मीच ना त्याला लहानपणी स्क्रू-ड्रायव्हर हातात दिला!

रविवारी सकाळी बोळातच गाडी जॅकवर चढवली आणि पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत काढायला लागलो. पाच मिनिटं झाली नसतील, शेजारच्या वहिनींची हाक आली, "काकाऽ, काय सांडलंय? स्वयंपाकघरात डोकं धरतंय!" त्यांची मोरी बोळाकडे उघडते. मोरीला लागून ओटा, ओट्यावर पोह्यांची कढई आणि गॅस पेटलेला. त्यांनी गॅस बंद केला आणि मुलांना घेऊन पुढच्या दारात गेल्या. काही झालं नाही. गजाननाची कृपा आणि वहिनींचं तिखट नाक. पण माझे पाय लटपटत होते.

त्या रात्री झोप आली नाही. बँकेत तेहेतीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो: जामीनदाराला नीट समजावल्याशिवाय त्याची सही घेऊ नका. आणि इथे मी शेजाऱ्यांना सहीशिवाय जामीनदार करून बसलो होतो. काम माझं, बचत माझी, धोका त्यांच्या स्वयंपाकघरात!

म्हणून हे लिहितोय. जुनी गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करू नका, असं माझं म्हणणं नाही. उलट जरूर करा. ब्रेक लाइट, प्लग, फिल्टर, कारब्युरेटरची सफाई, सगळं घरी करा, नातवंडांना शिकवा. पण टंकीचं खातं वेगळं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून वाहते आणि खोलगट जागा शोधते. मोरी, गटार, तळघर. कुणाच्या देवघरात समई तेवत असते, कुणाचा गीझर चालू असतो. जिथे घरं चिकटलेली आहेत तिथे "घरच्या घरी" असं काही नसतंच.

शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. ते एक वाक्य बोलले ते कायमचं लक्षात राहिलं: "बाबूजी, भरी टंकी से मत डरो, खाली टंकी से डरो." खरं आहे. पेटते ती वाफ आणि हवा मिळून. भरलेल्या टंकीत हवा नसते, रिकामीत दोन्ही असतात.

गाडी ढकलत मोकळ्या मैदानात नेली. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात. जवळ वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक. विटांवर नाही, पक्क्या स्टँडवर गाडी. नळ्या, क्लँप, फिल्टर, काट्याच्या युनिटचं वॉशर सगळं नवं. मग पाच लिटर पेट्रोल घालून अर्धा तास नुसतं पाहत बसलो, थेंब कुठे येतोय का म्हणून. नातवाने बोल्ट सोडले, मिस्त्रींनी नजर ठेवली, मी खुर्चीवर बसून चहा पाजला. अर्धा दिवस गेला, मजुरी गेली, पण झोप परत आली.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. जुनी टंकी. आपण ती अटालेवाल्याला देऊन मोकळे होतो. तो बिचारा दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून गॅस कटर लावणार. तोही आपला बिनसहीचा जामीनदारच! आम्ही टंकी अनेकदा धुतली, काठोकाठ पाणी भरून ठेवली, आणि देताना त्याला नीट सांगितलं की ही पेट्रोलची आहे, कापू नको. गळकी टंकी घरी झाळून किंवा वेल्डिंग करून वापरायचा मोह तर कुणीही धरू नये.

आमच्या गणपतीची पंचवीस फुटी मूर्ती शंभर वर्षांहून जुनी, पण चोळा चढवायचं काम वर्षातून ठरल्या वेळी, जाणत्या हातांनी, सावकाश होतं. जुनी वस्तू टिकते ती अशीच.

वहिनींना दुसऱ्या दिवशी पोहे-जलेबी घेऊन गेलो, माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी आधी सांगा, म्हणजे पोहे नंतर करीन."

तुमच्या दारात अजून जुनी आठशे असेल तर एकदा खाली वाकून टंकी बघा. आणि काम काढण्याआधी शेजारची बेल वाजवा.