हाड मोडण्याचा धोका सांगणारं ‘फ्रॅक्स’ काय विचारत नाही?
अंजनवेलसारख्या गावात हाडांची घनता मोजणारं डेक्सा मशीन कुठून येणार? पण मोबाइल घरोघरी आहे. ब्रिटनच्या शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये आणलेलं ‘फ्रॅक्स’ हे कॅल्क्युलेटर डेक्साशिवायही चालतं. देश ‘भारत’ निवडा. वय (४० ते ९०), वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांच्या खुब्याचं फ्रॅक्चर, स्टिरॉइड, सिगारेट वगैरे माहिती भरा. पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी इनपुट बघतो. ‘वर्षभरात किती वेळा पडलात?’ हा प्रश्न मूळ फॉर्ममध्ये नाहीच! पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तिथे वारंवार घसरणाऱ्या आजीचा धोका आकड्यापेक्षा जास्त असू शकतो. म्हणून डॉक्टरांना आकडा दाखवताना पडल्याचंही सांगा. आणि पायऱ्या घासून घ्या.