२०१७ चे मशीन काउंटरवर येते तेव्हा

सातव्या पिढीचा चार कोअरचा आय-फाइव्ह, सहा जीबीचे जीटीएक्स १०६०, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा एसएमपीएस. लॅमिंग्टन रोडपासून तपकीर गल्लीपर्यंत या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने असे मशीन कधी ना कधी उघडलेले असते. २०१७ साली घरच्यांनी पैसे बाजूला ठेवून ते घेतलेले. ते घेऊन येणाऱ्या मुलाचा प्रश्नही ठरलेला: ‘दादा, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं की होईल ना?’

या प्रश्नाला काउंटरवर दोन उत्तरे पटकन मिळतात. एक, ‘होईल, टाकून देतो.’ दुसरे, ‘हे जुनं झालं, सगळं नवीनच घे.’ दोन्ही उत्तरांत विक्री आहे. मशीन तपासणे कशातच नाही. गिऱ्हाइकाचा पैसा वाया जातो तो इथे, आणि या मासिकाला आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

तपासणीला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. गिऱ्हाईक जो गेम खेळते तोच लावावा, त्याच्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनवर. व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करावी आणि आफ्टरबर्नरचे आकडे पडद्यावर ठेवावेत. कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के दिसला, तर कार्ड थकले आहे. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळते आणि तरी गेम अडखळतो, तर संशय प्रोसेसरवर घ्यावा. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२० वर उतरवून पाहावे. फ्रेम वाढल्या नाहीत, तर नव्या कार्डानेही फारसे काही वाढणार नाही. टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र फसवतो. एक कोअर पूर्ण भरलेला असतानाही तो ५० टक्के दाखवू शकतो. सरासरी एफपीएसइतकेच लक्ष फ्रेम टाइमच्या रेषेकडे द्यावे, कारण गिऱ्हाइकाला खुपतात ते मधले झटके.

काही दोष तर नवा पार्ट न घेताच निघतात. हीटसिंकमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो, थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करत असतो. रायझनच्या मशीनमध्ये ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी न लावल्याने कित्येक वर्षे २१३३ वर धावत असते. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर राहून गेलेला असतो. पार्ट घ्यायचाच झाला, तर एकट्या रॅमच्या जोडीला तशीच दुसरी पट्टी बसवली की ड्युअल चॅनल सुरू होते. चार कोअरच्या प्रोसेसरला त्याचा फरक झटक्यांमध्ये जाणवतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली की गेम उघडण्याची वाट पाहणे संपते.

खरा पेच प्रोसेसरपाशी येतो. सातव्या आणि आठव्या पिढीच्या सॉकेटचे नाव एकच, एलजीए ११५१. म्हणून आठव्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालेल, असे अनेकांना वाटते. तो चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. जुन्या बोर्डावर फार तर वापरलेला आय-सेव्हन ७७०० बसतो. चार कोअर, आठ थ्रेड. स्वस्तात मिळाला तर ठीक, पण त्यासाठी मोठी रक्कम मोजायला लावणे अन्याय आहे. याउलट २०१७ मध्येच आलेल्या एएम-फोर बोर्डांचे नशीब बलवत्तर. बोर्डाच्या कंपनीने बायोस दिला असेल, तर त्या वेळच्या बी ३५० वरही ५८०० एक्स-थ्री-डी चालतो. २०२२ साली आलेल्या या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल-थ्री कॅशे आहे आणि गेममध्ये तो अजूनही दमदार आहे. एकाच वर्षी घेतलेल्या दोन मशीनना म्हणूनच एकच सल्ला देता येत नाही.

कार्ड निवडताना लेनकडे पाहायलाच हवे. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच पीसीआय लेन आणि चार जीबी मेमरी आहे. जुन्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर ते बरेच मागे पडते. आरटीएक्स ४०६० ला आठ लेन आहेत, तिथे नुकसान कमी. त्याची वीज ११५ वॅट, म्हणजे १२० वॅटच्या १०६० पेक्षाही थोडी कमी. एसएमपीएस निरोगी असेल तर तो बदलायची गरज नाही. बदललाच, तर जुन्या मॉड्युलर केबली नव्याला कधीही जोडू नयेत. पिनांची रचना वेगळी असते आणि बोर्ड, डिस्क दोन्ही जळू शकतात.

आता काही दारे सॉफ्टवेअरनेच बंद केली आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीचे बहुतेक सगळे इंटेल आणि पहिल्या पिढीचे रायझन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. एनव्हिडियाने १० मालिकेच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. यापुढे फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग लागतेच, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणले तरी १०६० वर ते खेळता येत नाहीत. पण त्या मुलाचा सगळा वेळ काउंटर-स्ट्राइकमध्ये जात असेल, तर या दोन गेमची भीती घालून त्याला नवे मशीन विकणे चूक आहे.

त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआय डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली, की मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. बहुतेक नव्या बोर्डांबरोबर डीडीआर-फाइव्ह घ्यावी लागते, म्हणून ‘सगळं नवीन’ची किंमत आणखी चढली आणि चालू डीडीआर-फोर पट्ट्यांना मोल आले. एएम-फोरवाल्याला म्हणूनच आज प्रोसेसर आणि कार्ड बदलून मशीन राखायला सांगावे. सातव्या पिढीच्या इंटेलवाल्याला एसएसडी, दुसरी रॅम पट्टी आणि पुढच्या मशीनमध्ये नेता येईल असे कार्ड, एवढ्यावर थांबवावे; बोर्डाचे पैसे त्याने साठवत राहावे.

हा सल्ला देणाऱ्या दुकानदाराचे त्या दिवशीचे बिल लहान होते, हे खरे आहे. तपासणीचे पैसे त्याने उघडपणे लावावेत, दोनशे-तीनशे रुपये का होईनात, आणि आकडे जॉब कार्डवर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत.

अशा जॉब कार्डांसाठी पुढच्या अंकापासून दोन पाने राखून ठेवली आहेत. गेमचे नाव, रिझोल्यूशन, बदलाआधीच्या आणि नंतरच्या फ्रेम, आलेला खर्च, एवढे असले की पुरे. ज्या बदलाने काहीच फरक पडला नाही, त्याची नोंदही पाठवावी. ती आधी छापली जाईल.