पगारी खराडी, फुकटची लायब्ररी

पुण्यातली खराडी म्हटले की काचेच्या इमारती, नगर रस्त्यावरची कोंडी आणि फ्लॅटचे भाव, एवढ्यावरच गप्पा संपतात. ईऑन संकुलात यूबीएस, गेरा कॉमर्झोनमध्ये बार्कलेज या बँका, जवळच झेन्सार ही आयटी कंपनी. इथले प्रोग्राम दिवसभर जगभरच्या सर्व्हरशी बोलत असतात, आणि हे बोलणे ज्या तयार कोडमधून होते ती लायब्ररी बहुधा फुकट मिळालेली असते. तिच्यात नवे काय आले याकडे काही बिघडेपर्यंत कुणी ढुंकूनही पाहत नाही.

हॅस्केल या फंक्शनल भाषेचेच घ्या. १९९० मध्ये संशोधकांच्या समितीतून जन्मलेली ही भाषा प्राध्यापकांची चैन समजली जाई. बार्कलेजने मात्र गुंतागुंतीच्या वित्तीय करारांसाठी ती वापरली आणि २००९ मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. (काम लंडनचे, खराडीचे नव्हे.)

या भाषेच्या ‘नेटवर्क’ लायब्ररीची तिसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली, तेव्हा खरी बातमी काढून टाकलेल्या गोष्टींची होती. अक्षरांची माळ थेट पाठवणारी जुनी फंक्शन्स हटवली गेली. आता बाइटच द्यायचे. तारेतून अक्षरे जातच नाहीत. ‘खराडी’ डोळ्यांना तीन अक्षरी दिसते, पण युनिकोडमध्ये काना-वेलांटीसह पाच चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. हा हिशेब लायब्ररीने गुपचूप करण्यापेक्षा प्रोग्रामरने उघड्या डोळ्यांनी केलेला बरा. पावतीवर स्वतःच्या मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग पाहिलेल्याला हे वेगळे पटवावे लागणार नाही.

त्याच वर्षीची दुसरी सोय अधिकच साधी: जोडणी सभ्यपणे बंद करणे. सर्व्हरने उत्तर पाठवून लगेच सॉकेट, म्हणजे जोडणीचे आपल्याकडचे टोक, बंद केले आणि समोरून आलेले काही वाचायचे राहिले असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम रीतसर निरोप न घेता जोडणी तोडल्याचा संदेश धाडते. मग ग्राहकाच्या यंत्रापर्यंत पोहोचलेले, पण अजून न वाचलेले उत्तरही वाया जाऊ शकते. नवे फंक्शन आधी आपले बोलणे संपल्याचे कळवते, समोरच्याचे संपेपर्यंत ठरावीक वेळ थांबते आणि मगच बंद करते. फोनवर ‘ठेवू का?’ विचारण्याची आपली रीतच यंत्राला शिकवली म्हणायची.

असल्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. या लायब्ररीच्या सांभाळकर्त्यांपैकी काझू यामामोतो हे जपानमधल्या आयआयजे या इंटरनेट कंपनीत नोकरीला आहेत. सगळ्यांच्या पाठीशी अशी कंपनी नसते. ‘एक्सझेड’ हे फाइल दाबून लहान करणारे साधन वर्षानुवर्षे मुख्यतः एका स्वयंसेवकाच्या खांद्यावर होते. मदतीच्या बहाण्याने विश्वास कमावलेल्या कुणीतरी त्यात सर्व्हरच्या लॉगिनपर्यंत पोहोचणारी चोरवाट घुसवली. मार्च २०२४ मध्ये ती उघडकीस आली तीही योगायोगाने: लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे एका अभियंत्याने खोदून पाहिले म्हणून.

पुण्यात अशा सांभाळकामासाठी माणसांची वानवा नाही. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेतल्या ग्नूनिफाय परिषदेत कितीतरी विद्यार्थ्यांनी ओपन सोर्सची, म्हणजे अशा खुल्या कोडची, पहिली ओळख करून घेतली. पुढे नोकरी लागते, तासागणिक बिल ग्राहकाच्या नावे फाटते आणि हा उद्योग रविवारच्या हौसेत जमा होतो. कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून झाडे लावावीत, जरूर लावावीत. पण ज्या कोडवर रोजचा धंदा चालतो त्याची डागडुजी ही जबाबदारी नसून गरज आहे.

बंगळुरूच्या झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. खराडीने एवढ्या मोठ्या आकड्याने सुरुवात करायला हवी असे नाही. वापरातल्या लायब्ररीत दोष सापडला, तर दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवण्याची परवानगी नोकरीच्या करारातच असावी, आणि त्या तासांसाठी टाइमशीटमध्ये एक रकाना.